सोरायसिस कातडीवरून सांध्यांत कसा उतरतो? अनुभव आणि थोडी मदत हवी आहे

निशिगंध | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. मला २०१३ पासून सोरायसिस आहे. सुरुवात डोक्यातल्या कोंड्याने झाली, मग कोपरांवर आणि गुडघ्यांवर चट्टे, मग परकराची नाडी बांधते तिथे कमरेभोवती पट्टाच उठला. मलमं, टारचा शाम्पू, मधे दोनदा लाइट थेरपी असं करत निभावलं. हिवाळ्यात वाढायचं, उन्हाळ्यात कमी व्हायचं. हा कातडीचा आजार, इतकंच मला माहीत होतं.

२०२१ च्या पावसाळ्यात डावी टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की कळ डोक्यात जायची, दहा-पंधरा पावलं चाललं की जरा मोकळं वाटायचं. एक्सरे काढला, टाचेचं हाड वाढलंय, मऊ चपला घाला म्हणाले, घातल्या. मग सहा महिन्यांनी उजव्या पायाचं दुसरं बोट अख्खं सुजलं, म्हणजे नुसता सांधा नाही, मुळापासून नखापर्यंत सगळं, लालबुंद, गाजरासारखं. जोडवं आत रुतून बसलं. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून बघितला, काही केल्या निघेना, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घेतलं. घरी सगळ्यांना वाटलं काहीतरी चावलं असेल. युरिक ॲसिड केलं, नॉर्मल. आरए फॅक्टर, म्हणजे आमवाताची रक्ततपासणी, निगेटिव्ह. वात नाही असं सांगितलं गेलं, मलाही बरंच वाटलं तेव्हा.

त्यानंतर हात. भाकरी थापताना बोटांची शेवटची पेरं ठणकायची. सकाळी तास-तासभर मूठ वळायची नाही, दुधाची पिशवी कात्रीने कापायला मुलाला हाक मारायची. या सगळ्यात दोन वर्षं गेली. त्वचेच्या डॉक्टरांकडे मी चट्टे दाखवायचे, हाडांच्या डॉक्टरांकडे टाच दाखवायचे, आणि दोन्हीकडे दुसऱ्या गोष्टीचा विषयच निघायचा नाही, मी काढला नाही आणि कुणी विचारलं नाही.

२०२३ च्या शेवटी त्वचेच्या नव्या डॉक्टर मिळाल्या. त्यांनी चट्टे बघायच्या आधी माझे हात हातात घेतले, नखं उजेडाकडे तिरकी धरली. सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, मला वाटायचं धुण्याभांड्याने झालेत. मग त्यांनी विचारलं, "सकाळी टाच दुखते का हो?" मला तिथेच रडू आलं. रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे वाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, सोनोग्राफी झाली आणि सोरियाटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिसचा संधिवात, असं नाव मिळालं. दोन बोटांच्या शेवटच्या सांध्यांत हाड झिजलंय, ते आता भरून येणार नाही म्हणाले.

आता गोळ्या चालू आहेत आणि मी खूप बरी आहे. पण मला कळून घ्यायचंय की २०१३ ते २०२१ या आठ वर्षांत माझ्या आत काय चाललं होतं? यावर कुणी संशोधन करतंय का? आणि खरं कारण म्हणजे माझा धाकटा भाऊ, ३४ वर्षांचा, त्याला दोन वर्षांपासून सोरायसिस आहे, टाळूत आणि नखांत. त्याचं सांध्यांत उतरायच्या आधी काही करता येतं का?

रानजाई | शनिवार, रात्री ११:५२

वाचता वाचता पोटात गोळा आला गं. मला टाळूचा सोरायसिस आहे सहा वर्षांपासून आणि महिनाभर टाच दुखतेय, वजन वाढलं म्हणून असेल असं धरून चालले होते. वाखु (वाचनखूण) साठवली. सोमवारी फोन करून अपॉइंटमेंट घेते.

सह्यकडा | रविवार, सकाळी ९:१०

निशिगंध, तुम्ही जे सगळं लिहिलंय ते त्वचेच्या प्रत्येक ओपीडीत भिंतीवर लावायला हवं असं मनापासून वाटतं. मी त्वचारोगाचीच प्रॅक्टिस करतो, जिल्ह्याच्या ठिकाणी, पंचवीसेक वर्षं झाली. सुरुवातीची काही वर्षं मीही टाचेबद्दल विचारत नव्हतो, याचं आज वाईट वाटतं.

आधी घाबरलेल्यांसाठी सांगतो. सोरायसिस असलेल्या सगळ्यांना सांध्यांचा आजार होत नाही. पाहणी कुठे केली त्यावर आकडा बदलतो, पण वरची मर्यादा साधारण ३० टक्के धरतात, म्हणजे बहुतेकांना होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात बहुतेक वेळा कातडी आधी आणि सांधे नंतर, मधे सरासरी सात ते दहा वर्षं. थोड्या लोकांत उलटंही होतं, सांधे आधी.

आता मधल्या वर्षांत काय होतं. आपण समजतो की सांधेदुखी म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज. आमवातात मुख्यतः तसंच असतं. पण सोरायसिसच्या वातात सूज बऱ्याचदा सुरू होते ती कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) किंवा अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) हाडाला जिथे चिकटतो त्या जागी, तिला एन्थेसिस म्हणतात. तंबूचा दोर खुंटीला जिथे बांधतात तिथे सगळा ताण येतो ना, तशी ही जागा. टाचेला मागून मोठी कंडरा येऊन चिकटते, खालून तळपायाचा पट्टा चिकटतो, दिवसभर आपलं वजन तिथेच, म्हणून टाच लवकर बोलते.

नखाचंही तेच. इंग्लंडात लीड्सला डेनिस मॅकगोनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बोट सरळ करणारी कंडरा शेवटच्या सांध्यापाशी हाडाला चिकटते खरी, पण तिचे तंतू तिथेच थांबत नाहीत, पुढे नखाच्या मुळापर्यंत जातात. म्हणजे नख आणि शेवटचा सांधा हे शरीररचनेने एकमेकांना बांधलेले शेजारी आहेत. नखाला खड्डे आणि त्याच बोटाचं शेवटचं पेर दुखणं हा योगायोग नसतो.

तुमच्या परकराच्या नाडीबद्दल पण सांगतो. जिथे घासतं, खरचटतं, दाब पडतो तिथे सोरायसिस उठतो, हे हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरने १८७२ मध्ये मांडलं, त्याला कोबनर फेनॉमेनन म्हणतात. नाडीच्या जागचे पट्टे मी आपल्याकडच्या बायकांमध्ये कित्येकदा बघतो. काही संशोधकांचं म्हणणं असं की टाचेला आणि बोटांना जे होतं ते याच गोष्टीचं खोलवरचं रूप आहे, बाहेर नाडी घासते तसं आत कंडरा ओढते, आणि ज्याच्या शरीरात ठिणगी आधीच आहे त्याच्यात तिथे पेट घेतो. मला हे पटतं, कारण रोज समोर दिसतं.

गोदाकाठ | रविवार, दुपारी १:३५

माझाही आरए फॅक्टर निगेटिव्ह, ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) पण नॉर्मल होतं आणि त्या कागदांवर माझी तीन वर्षं गेली, कमरेपासून मान पर्यंत आखडायचं, पहाटे चार वाजता दुखण्याने जाग यायची आणि उठून घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं, लोक म्हणायचे टेन्शन आहे, गादी बदला. दोन गाद्या बदलल्या. कातडीवर माझ्या फक्त एक रुपयाएवढा चट्टा होता, तोही नितंबांच्या फटीत, तो कुणाला दाखवायची लाज वाटायची म्हणून कधी सांगितलाच नाही. रुमॅटॉलॉजिस्टने थेट विचारलं तेव्हा सांगितला आणि सगळा उलगडा झाला. सह्यकडा डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल असतानाही हा आजार असतो हे जरा ठळक लिहा ना, माझ्यासारखे बरेच असतील.

सह्यकडा | रविवार, दुपारी ३:०५

गोदाकाठ, हो. या वातात आरए फॅक्टर बहुतेकांचा निगेटिव्हच असतो, आणि जवळपास निम्म्या लोकांत ईएसआर-सीआरपी सुद्धा वाढलेलं नसतं. हा आजार पकडेल अशी एक रक्ततपासणी आजही नाही. २००६ मध्ये कॅस्पर नावाचे निकष आले, त्यात सांधा, मणका किंवा एन्थेसिसला सूज असेल तर पुढे सोरायसिस, घरात कुणाला सोरायसिस, नखांतले बदल, अख्खं बोट सुजणं, आरए निगेटिव्ह असणं, एक्सरेत सांध्यालगत नवं हाड दिसणं यांना गुण देतात. म्हणजे बघा, तिथे आरए निगेटिव्ह येणं उलट आजाराच्या बाजूने मोजलं जातं आणि आपल्याकडे तोच कागद दाखवून पेशंटला घरी पाठवतात.

आणि लपलेल्या चट्ट्याचं तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लोकांनी २००९ मध्ये पंधराशेहून जास्त सोरायसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यात टाळूला सोरायसिस असणाऱ्यांत सांध्यांचा धोका जवळपास चौपट, नखं बिघडलेल्यांत तिप्पट आणि नितंबांच्या फटीत चट्टे असणाऱ्यांत दुपटीहून जास्त दिसला. नेमक्या याच जागा लोक दाखवत नाहीत.

आकडेमोड | रविवार, रात्री १०:४०

मी डॉक्टर नाही, स्टॅटिस्टिक्स शिकवते, बाबांना हा आजार आहे म्हणून वाचत गेले. निशिगंधच्या मूळ प्रश्नावर लिहिते, मोठं होईल.

मधली वर्षं बघायची तर सांधे दुखत नसलेले सोरायसिसचे लोक घेऊन त्यांच्यामागे वर्षानुवर्षं जावं लागतं, दुसरा मार्ग नाही. हे काम टोरांटोला डॅफना ग्लॅडमन आणि लिही एडर यांनी केलं. २०१६ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ४६४ जण होते, सुरुवातीला एकालाही संधिवात नव्हता, आठ वर्षांत ५१ जणांना झाला. वर्षाला शंभरात साधारण २.७. ऐकायला लहान वाटतो, पण दर वर्षी तोच धोका पुन्हा असतो, म्हणून वीस वर्षांच्या सोरायसिसमधे तो साठत जातो. नखांवर खड्डे असलेल्यांत धोका अडीचपट होता, आणि खूप पसरलेल्या सोरायसिसमधे त्याहून जास्त. डोळ्याला आतून सूज येणं, युव्हायटिस, हाही मोठा इशारा निघाला.

त्याच गटावर पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट छापली आणि ती वाचून मी बाबांच्या जुन्या फायली काढून बसले होते. सांधा सुजायच्या आधीच्या काळात या लोकांना सुजेशिवाय नुसतं दुखणं (बायकांमधे हे विशेष), टाचदुखी, अंग आखडणं आणि खूप थकवा असं होत होतं. म्हणजे मधला काळ रिकामा नसतो, शरीर सांगत असतं. बाबांच्या २०१५ च्या कागदावर "जनरल वीकनेस, हील पेन" लिहिलंय, खाली बी कॉम्प्लेक्स.

जर्मनीत एरलांगेनला गेओर्ग शेट यांच्या गटाने सोरायसिस आहे पण संधिवात नाही अशा लोकांच्या हातांचे एमआरआय काढले, २०१६ मध्ये छापलं. जवळपास निम्म्या जणांत आत कुठे ना कुठे सूज होती! आणि ज्यांना सूजही होती आणि दुखतही होतं त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना वर्षभरात खरा संधिवात झाला. लोक मोजके होते, ५५, त्यामुळे आकडा घट्ट धरू नका, पण दिशा कळते. २०२३ मध्ये युरोपच्या रुमॅटॉलॉजीच्या संघटनेने, युलारने, या टप्प्यांना नावंही दिली, आधी धोका जास्त असलेले सोरायसिस रुग्ण, मग आत सूज दिसते पण बाहेर नाही असे, मग उघड संधिवात. निशिगंध, तुझ्या त्या आठ वर्षांतली शेवटची काही बहुधा मधल्या टप्प्यातली असणार.

पेशींच्या पातळीवर आयएल-२३ नावाचं एक रसायन मधे येतं. २०१२ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला, त्यांच्या शरीरात फक्त आयएल-२३ वाढवलं तर नेमकी कंडरा चिकटण्याच्या जागीच सूज आली, कारण त्याला प्रतिसाद देणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तिथे आधीपासूनच बसलेल्या असतात. सोरायसिसच्या कातडीतही हेच आयएल-२३ आणि पुढचं आयएल-१७ काम करतं. म्हणून दोन्ही ठिकाणी त्यांना अडवणारी तीच औषधं चालतात, पण सारखी चालत नाहीत, एकाची कातडी लख्ख होते आणि सांधे तसेच राहतात. तसं का, हाच आज या संशोधनातला खरा प्रश्न आहे.

केतकीबन | सोमवार, सकाळी ७:४५

आकडेमोड ताई, मग ज्यांना सोरायसिस आहे त्यांना आधीच ती आयएल-२३, आयएल-१७ अडवणारी भारी इंजेक्शनं दिली तर सांध्यांत उतरणार नाही का?

आकडेमोड | सोमवार, सकाळी ८:३०

केतकीबन, हाच लाख मोलाचा प्रश्न. जुन्या नोंदी चाळून केलेले अभ्यास दोन्ही बाजूंचे आहेत. इटली आणि अर्जेंटिनातल्या अभ्यासांत बायोलॉजिक, म्हणजे अशी भारी इंजेक्शनं, घेणाऱ्यांत संधिवात कमी निघाला, तर अमेरिकेतल्या एकात उलट जास्त. जास्त का? कारण डॉक्टर ही इंजेक्शनं कुणाला देतात, ज्याचा आजार जास्त आहे त्याला, किंवा ज्याचे सांधे जरा कुरकुरायला लागलेत त्याला. म्हणजे औषधामुळे वात झाला नाही, वात येत होता म्हणून औषध मिळालं. नोंदींमधून ही गाठ पूर्ण सुटत नाही, चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. न्यूयॉर्कहून पाम्पा नावाची तशी चाचणी चालवलीय, सोनोग्राफीत बदल दिसतायत पण संधिवात झालेला नाही अशांना ग्युसेलकुमॅब (आयएल-२३ अडवणारं) किंवा खोटं इंजेक्शन. एरलांगेनवाल्यांनी २० जणांना सेक्युकिनुमॅब (आयएल-१७ अडवणारं) देऊन बघितलं होतं, दुखणं आणि एमआरआयमधली सूज कमी झाली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यामुळे सरसकट सगळ्यांना आधीच द्या असं म्हणता येत नाही.

थेम्सकाठी | सोमवार, दुपारी २:१५

मी मूळची सांगलीची, आता इंग्लंडात असते, मला स्वतःला सोरायसिस आहे. इकडे युरोपात २०२१ पासून हिप्पोक्रेटस नावाचा मोठा प्रकल्प चाललाय, डब्लिनच्या लोकांच्या पुढाकाराने. त्यात सोरायसिस आहे पण संधिवात नाही अशा २५,००० लोकांना ऑनलाइन प्रश्न विचारत तीन वर्षं पाठपुरावा करायचा, काहींचं बोट टोचून रक्तही घ्यायचं असं ठरलंय, म्हणजे कुणाला होणार हे आधी ओळखता यावं.

निशिगंध, भावासाठी आज घरबसल्या करता येईल ते लिहिते. इकडे पेस्ट नावाचे पाच प्रश्न वापरतात. कधी सांधा सुजलाय का, डॉक्टरांनी कधी संधिवात आहे असं सांगितलंय का, हातापायाच्या नखांवर खड्डे आहेत का, टाच दुखली आहे का, आणि एखादं अख्खं बोट कारण नसताना सुजून दुखलंय का. तीन किंवा जास्त "हो" आले तर रुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवतात. दर वर्षी पुन्हा विचारायचे.

दुसरं वजन. इकडच्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींतून नव्वद हजारांहून जास्त सोरायसिस रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये आला, वजन जितकं जास्त तितका सांध्यांचा धोका जास्त, आणि दहा वर्षांत ज्यांनी वजन उतरवलं त्यांचा धोका कमी झालेला दिसला. इंजेक्शनाचं अजून ठरायचंय, वजनाला थांबायची गरज नाही. मी अकरा किलो उतरवलं, सोपं नव्हतं, भात माझा जीव आहे.

मिरगाचा पाऊस | सोमवार, रात्री ९:२०

आमच्या घरचा अनुभव लिहितो, कुणाचं तरी नुकसान वाचेल. वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं, आठवड्यातून एकदा. घाईत कुणी नीट समजावलं नाही, चिठ्ठीवरचं अक्षर कळलं नाही आणि दादांनी ती गोळी रोज घेतली, नऊ दिवस. तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळवेना, पांढऱ्या पेशी एकदम खाली, बारा दिवस ॲडमिट होते, वाचले. तेव्हापासून आमच्या घरी कॅलेंडरवर रविवारी लाल गोल असतो, गोळीचं पाकीट आईच्या डब्यात आणि फोलिक ॲसिड वेगळ्या डब्यात. औषध वाईट नाही, तेच औषध दादा आजही घेतात आणि शेतात जातात, फक्त वार चुकवू नका, रक्ताच्या तपासण्या चुकवू नका.

अजून एक, आमच्या भागात एक जण पुड्या द्यायचा, आठ दिवसांत चट्टे गायब. पुड्या बंद केल्यावर दादांच्या अंगभर पू भरलेले फोड उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताच विचारलं, स्टिरॉइड घेतलं का.

सह्यकडा | सोमवार, रात्री १०:०५

मिरगाचा पाऊस, लिहिलंत फार बरं केलंत. पोटात घेतलेलं स्टिरॉइड अचानक बंद केलं की सोरायसिस असा उसळतो, जिवावर बेतू शकतं. पुडीत काय आहे हे ज्या पुडीवर लिहिलेलं नाही ती घेऊ नका, कुणीही दिली तरी.

खर्चाबद्दल कुणी विचारलं नाही पण मनात असणारच. सगळ्यांना भारी इंजेक्शन लागत नाही, बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. ज्यांना लागतं त्यांच्यासाठी ॲडॅलिमुमॅब या इंजेक्शनाचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं) २०१४ च्या शेवटी झायडसने आणलं, त्यानंतर पर्याय वाढले. अशी इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात, आपल्याकडे ती टाळून चालत नाही, दडून बसलेला टीबी उठू शकतो.

आणि वेळेचं सांगतो. डब्लिनचा २०१५ चा अभ्यास आहे, लक्षणं सुरू झाल्यापासून रुमॅटॉलॉजिस्टपर्यंत पोचायला सहा महिन्यांहून उशीर झालेल्यांत पुढे सांध्यांची झीज आणि रोजच्या कामांतली अडचण जास्त दिसली. सहा महिने. माझ्याकडे येणारे पेशंट टाचेला जेल लावण्यातच तेवढे काढतात.

निशिगंध | बुधवार, रात्री ११:४०

सगळ्यांचे खूप खूप आभार, सगळं दोनदा वाचलं. नखाचं आणि शेवटच्या पेराचं वाचल्यावर मी माझी बोटं ताटात पसरून बघत बसले, झीज झालेली दोन बोटं नेमकी सर्वात खड्डे असलेल्या नखांची आहेत. इतकी वर्षं नेलपेंट लावून झाकत होते ती.

काल भावाकडे गेले होते. थेम्सकाठीने दिलेले पाचही प्रश्न जेवताना विचारले. सांधा सुजला नाही, डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. नखांवर खड्डे, हो. टाच, थोडा थांबला आणि म्हणाला क्रिकेट खेळून दुखते, दोन महिने झाले. बोट सुजलं का, नाही म्हणाला, तेवढ्यात वहिनी आतून म्हणाली, अहो दिवाळीत बूट घालता येत नव्हता तुम्हाला, सँडल घालून गेला होतात लग्नाला, विसरलात? तीन झाले.

आज सकाळी माझ्याच रुमॅटॉलॉजिस्टकडे त्याचा नंबर लावला, पुढच्या गुरुवारचा. मी बरोबर जाणार आहे. त्याला सांगून ठेवलंय की पायमोजे काढून दाखवायचे आणि टाळूही दाखवायची, केस बारीक कापून ये.

रानजाई | गुरुवार, सकाळी १०:१५

माझी अपॉइंटमेंट झाली. टाचेची सोनोग्राफी सांगितलीय, शनिवारी आहे. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.